कोडीनची संयुक्त वेदनाशामक गोळी घेण्यापूर्वी पॅरासिटामॉलचा हिशेब करा

परदेशी स्थायिक झालेला भाचा दिवाळीला कोल्हापुरात येतो, आजीच्या गुडघ्यांसाठी म्हणून वेदनाशामक गोळ्यांची बाटली ठेवून जातो आणि पुढे घरात कोणाची दाढ काढली किंवा कोणाची कंबर धरली की तीच बाटली कपाटातून बाहेर येते. बाटलीवर ‘अ‍ॅसिटामिनोफेन आणि कोडीन’ असे लिहिलेले असल्यामुळे हे काही निराळेच, भारी औषध असावे असा घरच्यांचा समज होतो. अमेरिकेत ज्याला अ‍ॅसिटामिनोफेन म्हणतात, ते आपल्याकडचे पॅरासिटामॉलच होय. या गोळीतील कोडीनला लोक घाबरतात आणि ते योग्यच आहे. परंतु दोन नावांआड लपलेले पॅरासिटामॉल नकळत दुप्पट पोटात जाते, त्याची भीती मात्र कोणालाच वाटत नाही. दुसऱ्याला लिहून दिलेली अशी गोळी आपण घेऊ नये, हे तर उघडच आहे. आपल्याच नावावर डॉक्टरांनी ती लिहून दिली असेल, तर पुढील पद्धतीने चालावे.

प्रथम गोळीवरील आकडे वाचावेत. ब्रिटनमधील पाकिटावर ‘को-कोडामॉल ३०/५००’ (को-कोडामॉल हे याच जोडगोळीचे तिकडचे नाव) असे छापलेले असेल, तर त्यातील पहिला आकडा कोडीनचा आणि दुसरा पॅरासिटामॉलचा, दोन्ही मिलिग्रॅममध्ये. तेथे ८/५०० आणि १५/५०० अशाही गोळ्या मिळतात. अमेरिकेतील गोळीवर नुसता ‘३’ हा क्रमांक असेल, तर तिच्यात साधारणपणे ३०० मिलिग्रॅम पॅरासिटामॉल आणि ३० मिलिग्रॅम कोडीन असते. ‘४’ क्रमांकाच्या गोळीत कोडीन ६० मिलिग्रॅम असते. म्हणजे ‘पांढरी गोळी, दुखण्याची’ एवढ्या वर्णनावर मात्रा ठरवता येत नाही.

यानंतर कागद-पेन्सिल घेऊन बेरीज करावी. निरोगी प्रौढ माणसासाठी चोवीस तासांतील पॅरासिटामॉलची कमाल मर्यादा ४००० मिलिग्रॅम आहे. वजन ५० किलोपेक्षा कमी असेल, यकृताचा विकार असेल किंवा रोजचे मद्यपान असेल, तर डॉक्टर ती बरीच खाली आणतात. समजा, ३०/५०० च्या दोन-दोन गोळ्या दिवसातून तीन वेळा घेतल्या, तर ३००० मिलिग्रॅम झाले. अंग कणकणते म्हणून डोलो ६५० च्या दोन गोळ्या घेतल्या की १३०० वाढले आणि मर्यादा येथेच ओलांडली गेली. त्यात कंबरेसाठी जुन्या चिठ्ठीवरची झेरोडॉल-पी दोनदा घेतली, तर तिच्यातील ३२५ प्रमाणे आणखी ६५० मिळून एकूण ४९५० मिलिग्रॅम होतात. यातली एकही गोळी स्वतंत्रपणे पाहिली तर जास्त वाटत नाही. खरी खोच तीच आहे. कॉम्बिफ्लॅममध्येही पॅरासिटामॉल असते, सर्दीच्या बहुतेक गोळ्यांतही असते. म्हणून पाकिटावरील मोठे नाव न पाहता मागच्या बाजूची बारीक अक्षरे वाचावीत. आजी-आजोबांसाठी ती घरातल्या कोणीतरी मोठ्याने वाचून दाखवावीत.

कोडीन हे अफूच्या कुळातील औषध आहे. ते स्वतः फारसे काम करत नाही. यकृतातील एक विकर (एन्झाइम) त्याचा थोडा भाग मॉर्फिनमध्ये रूपांतरित करते आणि दुखणे प्रामुख्याने त्या मॉर्फिनमुळे कमी होते. हे विकर सर्वांमध्ये सारख्या गतीने चालत नाही. काहींमध्ये ते जवळजवळ निष्क्रिय असल्याने गोळीचा उपयोगच होत नाही, तर काहींमध्ये ते इतके वेगवान असते की नेहमीच्या मात्रेतही जास्त मॉर्फिन तयार होऊन श्वास मंदावतो. नैराश्यासाठीची फ्लुओक्सेटिन किंवा पॅरोक्सेटिन चालू असेल, तरी हे विकर दबते. त्यामुळे ‘एका गोळीने फरक पडला नाही, आणखी एक घेऊ’ हा उपाय येथे करू नये. डॉक्टरांना तसे कळवावे आणि औषध बदलून घ्यावे. याच कारणास्तव अमेरिकेच्या औषध नियंत्रकांनी २०१७ साली बारा वर्षांखालील मुलांसाठी कोडीन निषिद्ध ठरवले आणि अंगावर पाजणाऱ्या मातांनी ते घेऊ नये असे बजावले. दमेकरी, घोरताना श्वास अडकणारे, मूत्रपिंडाचा विकार असलेले आणि प्रोस्टेटमुळे लघवी अडणारे यांनी ही गोळी सुरू करण्यापूर्वी डॉक्टरांना तसे स्पष्ट सांगावे.

गोळी चालू असताना मद्य पूर्णपणे बंद ठेवावे. तांबड्या-पांढऱ्या रश्श्याला हरकत नाही, त्याच्या आधीच्या ‘बैठकीला’ आहे. झोपेची किंवा अल्प्राझोलामसारखी गोळी बरोबर घेतल्यास गुंगी आणि श्वासाची मंदगती दोन्ही वाढतात. खोकल्याच्या औषधातही कोडीन असू शकते, तेही तपासावे. पहिले दोन-तीन दिवस दुचाकी चालवू नये, गगनबावड्याच्या घाटात गाडी नेण्याचा तर विचारही करू नये. शौचास कडक होते, ते बहुतेकांना होते. पाणी, भाजी आणि गरज पडल्यास डॉक्टरांनी दिलेले रेचक पहिल्या दिवसापासूनच सुरू करावे.

आपल्याकडे दुखण्यासाठी कोडीनपेक्षा ट्रामाडॉल आणि पॅरासिटामॉल यांची जोडगोळी अधिक लिहिली जाते. वरील बेरीज आणि बहुतेक खबरदाऱ्या तिलाही लागू आहेत, शिवाय फिट येणाऱ्यांनी ट्रामाडॉलबाबत अधिक सावध राहावे. कोडीन आणि ट्रामाडॉल ही दोन्ही औषधे ‘एच-१’ अनुसूचीत, म्हणजे चिठ्ठीशिवाय न विकण्याच्या औषधांच्या सरकारी यादीत आहेत. म्हणून राजारामपुरीतला तुमचा नेहमीचा मेडिकलवाला चिठ्ठी मागतो, रुग्णाचे व डॉक्टरांचे नाव आणि गोळ्यांची संख्या वेगळ्या वहीत लिहितो, आणि ती वही त्याला तीन वर्षे जपावी लागते. ओळखीचा माणूस असूनही चिठ्ठी मागितली म्हणून रागावू नये.

औषध शक्य तितके थोडे दिवस घ्यावे. ब्रिटनमध्ये चिठ्ठीविना मिळणाऱ्या ८/५०० गोळीवरही तीन दिवसांची मर्यादा असते. महिन्यातून दहा किंवा अधिक दिवस ती डोकेदुखीसाठी घेतली, तर त्या गोळीमुळेच डोके दुखू लागते. अनेक आठवडे घेतलेली गोळी एकाएकी थांबवू नये. घाम, जुलाब, अस्वस्थता असा त्रास होतो, म्हणून मात्रा डॉक्टरांच्या सल्ल्याने हळूहळू उतरवावी.

जास्त गोळ्या पोटात गेल्याचे लक्षात आले, तर माणूस ठीक दिसतो म्हणून सकाळपर्यंत वाट पाहू नये. पॅरासिटामॉलने यकृताला झालेली इजा पहिल्या दिवशी बहुधा दिसत नाही, आणि तिच्यावरील एन-अ‍ॅसिटिलसिस्टीन हे औषध पहिल्या आठ तासांत सर्वांत प्रभावी ठरते. माणूस उठवूनही उठत नसेल, श्वास संथ पडला असेल किंवा डोळ्यांच्या बाहुल्या टाचणीएवढ्या झाल्या असतील, तर तो कोडीनचा परिणाम समजून ताबडतोब १०८ वर फोन करावा. कोल्हापूरच्या सीपीआर या सरकारी रुग्णालयात किंवा जवळच्या कोणत्याही मोठ्या रुग्णालयात नेताना घरातील सर्व गोळ्यांची पाकिटे, रिकामी झालेलीसुद्धा, पिशवीत घालून बरोबर न्यावीत आणि शेवटची गोळी किती वाजता घेतली ते कागदावर लिहून द्यावे.