थंडीत व्यायाम बंद नका करू, फक्त वेळ आणि वॉर्मअप बदला

डिसेंबर लागला की आपलं सगळ्यांचं एकच, पाचचा अलार्म वाजतो, हात गोधडीतून बाहेर येतो, बंद करतो आणि परत आत. नाशिक-निफाडकडे तर पारा १० च्या खाली जातो, तिथे पाचला उठून पळणं म्हणजे शिक्षाच. मग पळू नका ना पाचला! जानेवारीत सूर्यच ७ च्या आसपास उगवतो, त्यामुळे वॉक साडेसातला ढकला, आणि शहरात राहत असाल तर हे जास्तच महत्त्वाचं, कारण थंडीत पहाटे हवा खाली दबून राहते आणि धूर, धूळ सगळं नाकाच्या उंचीवरच अडकतं, ऊन पडलं की जरा मोकळं होतं.

दुसरं म्हणजे वॉर्मअप. उन्हाळ्यात ५ मिनिटं पुरतात, आता १०-१२ द्या आणि तेही घरातच, जागेवर चालणं, खांदे-घोटे फिरवणं, ४-५ सूर्यनमस्कार अगदी हळू. थंड स्नायू एकदम ताणले की पोटरी धरलीच समजा (मी दोनदा लंगडलोय).

जाड स्वेटर एकच नको, पातळ दोन थर घाला, अंग तापलं की वरचा काढून कमरेला बांधायचा. घाम आला तर घरी आल्या आल्या कपडे बदला. तहान लागत नाही म्हणून पाणी विसरू नका, कोमट प्या.

बीपी किंवा हार्टचा त्रास असेल त्यांनी मात्र गार वाऱ्यात जोर लावण्याआधी डॉक्टरांना विचाराच.