मशीनवर ‘रुपये’ दिसले की थांबा

व्हिएन्नातल्या एका कॅफेत कार्ड लावलं की मशीनवर दोन आकडे यायचे: एक युरोत, एक रुपयांत. रुपयांचा आकडा ओळखीचा म्हणून बरा वाटतो, पण तो दर दुकानदाराची बँक ठरवते, स्वतःचं कमिशन धरूनच. याला डीसीसी म्हणजे डायनॅमिक करन्सी कन्व्हर्जन म्हणतात. वर आपल्याकडच्या बऱ्याच बँका अशा रुपयांतल्या व्यवहारावरही सुमारे १ टक्का आणि जीएसटी लावतात. म्हणजे दोन्हीकडून कात्री.

युरो निवडला तरी फुकट नाही. बऱ्याच कार्डांवर मार्कअप, म्हणजे परकी चलनातल्या खर्चावर आपली बँक लावते ते शुल्क, ३.५ टक्के, त्यावर १८ टक्के जीएसटी. १०,००० रुपयांच्या खर्चावर ३५० अधिक ६३, असे ४१३ रुपये. यावर उपाय म्हणून मी शून्य मार्कअपचं कार्ड काढलं आणि बाहेर तेच वापरतो. नवीन कार्डावर परदेशी व्यवहार बंदच असतात, ते निघण्यापूर्वी ॲपमधून चालू केले. मर्यादाही तिथेच ठरवली.

एकदा वेटरने मला न विचारताच रुपये दाबले. पावतीवर आयएनआर, म्हणजे रुपये, आणि विनिमय दर छापलेला दिसला. तिथल्या तिथे व्यवहार रद्द करायला लावून युरोत पुन्हा कार्ड लावलं. त्याने तोंड वाकडं केलं, केलं तर केलं! टेबल सोडण्याआधी हे सहज होतं. नंतर बँकेशी मेलामेली करत बसावं लागतं. एटीएमवरही तोच प्रश्न येतो, तिथे ‘रूपांतर नको’ निवडायचं.

हॉटेलच्या वेबसाइटवर मात्र चलन कोपऱ्यात दडलेलं असतं, पैसे भरण्याआधी ते बदलून घेतो.