रक्तदानाला निघण्यापूर्वी घरात एकदा विचारून घ्यावे

नौपाड्यातील एका सभागृहात ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात भरलेल्या रक्तदान शिबिरात माझा अर्ज तपासताना डॉक्टरबाईंनी विचारले, "काका, गेल्या वर्षभरात घरात कुणाला कावीळ झाली होती का?" स्वतःच्या तब्येतीविषयीची सगळी उत्तरे मी भराभर दिली होती, परंतु घरातल्या माणसांविषयी कुणी विचारील असे मनातही आले नव्हते. मी "नाही" म्हणून मोकळा झालो आणि त्याच क्षणी आमच्या ओट्यावरचा, गळ्याशी लाल दोरा बांधलेला स्टीलचा तांब्या डोळ्यांपुढे आला.

बहिणीच्या मुलाला ऐरोलीच्या महाविद्यालयात प्रवेश मिळाल्यापासून तो आमच्याकडेच राहतो. श्रावणात त्याला कावीळ झाली, तेव्हा त्याचे उकळलेले पाणी वेगळे ओळखू यावे म्हणून पत्नीने त्या तांब्याला दोरा बांधला होता. मऊ भात आणि मुगाचे कढण यांवर दिवस काढून तो बरा झाला, पुन्हा लोकल पकडू लागला आणि घरच्या दृष्टीने ती बातमी शिळी झाली. मी लगेच उत्तर दुरुस्त केले. डॉक्टरबाईंनी अर्जावर नोंद करून १२ महिन्यांनी येण्यास सांगितले.

हा प्रश्न का विचारतात, हे ठाऊक असले की त्याचे उत्तर आठवून देण्याची बुद्धी होते. आपल्याकडे दान केलेल्या प्रत्येक पिशवीतील रक्ताची एचआयव्ही, हिपॅटायटिस बी, हिपॅटायटिस सी, सिफिलिस आणि मलेरिया या पाच रोगांसाठी तपासणी करणे बंधनकारक आहे. पावसाळ्यात दूषित पाण्यातून पसरणारी कावीळ मात्र बहुधा हिपॅटायटिस ए किंवा ई या विषाणूंची असते आणि हे दोन्ही त्या पाचांत नाहीत, म्हणजे तिथे रुग्णाचे रक्षण करणारी मुख्य गोष्ट आपले खरे उत्तर हीच आहे. शिवाय ज्या रोगांची तपासणी होते, त्यांचीही लागण अगदी नवी असताना तपासणीत ती सापडत नाही असा काही काळ असतो. म्हणून एका घरात राहणाऱ्या, एका स्वयंपाकघरात जेवणाऱ्या माणसाची कावीळ ही दात्याच्या अर्जातली बाब ठरते.

यासाठी माझा आग्रह असा की, शिबिराच्या आदल्या रात्री जेवताना घरातल्या बातम्यांची एकदा मुद्दाम उजळणी करावी. एकट्याच्या आठवणीवर विसंबू नये, कारण कोण कधी आजारी होते याचा हिशेब बहुतेक घरांत आईकडे, पत्नीकडे किंवा वहिनीकडे असतो. लग्न ठरलेल्या बहिणीने नाक टोचून घेतले असेल किंवा भावाने हातावर टॅटू काढून घेतला असेल, तर त्या दोघांना त्या दिवसापासून १२ महिने रक्त देता येत नाही. बाळंतीण झालेल्या स्त्रीनेही प्रसूतीनंतर १२ महिने आणि बाळ अंगावर पीत असेल तोवर थांबावयाचे असते. गल्लीतला कुत्रा चावून रेबीजची लस घेतली असेल तर एक वर्ष, मलेरिया झाला असेल तर पूर्ण बरे झाल्यावर तीन महिने आणि डेंग्यू झाला असेल तर सहा महिने जावे लागतात. दाढ काढली आहे, प्रतिजैविकांच्या गोळ्या चालू आहेत, लहानशी शस्त्रक्रिया झाली आहे, हेही आपण होऊन सांगावे; किती थांबायचे ते डॉक्टर ठरवतील.

बाकीची तयारी सोपी आहे. वय १८ ते ६५, वजन किमान ४५ किलो आणि हिमोग्लोबिन किमान १२.५ असावे लागते. मागच्या रक्तदानाला पुरुषांच्या बाबतीत ९० दिवस आणि स्त्रियांच्या बाबतीत १२० दिवस झालेले असावेत. उपाशीपोटी जाऊ नये. चतुर्थीचा उपवास असेल तर दुसरा दिवस धरावा. नवी मुंबईच्या औद्योगिक पट्ट्यात रात्रपाळी करणाऱ्यांनी पाळी संपवून तसेच शिबिरात येऊ नये, आधी पुरेशी झोप घ्यावी. तो प्रश्नही विचारला जातो.

अर्ज भरताना शेजारी मित्र किंवा सासरेबुवा उभे असतील तर काही प्रश्नांची उत्तरे मोकळेपणाने देणे कठीण जाते. अशा वेळी डॉक्टरांशी बाजूला बोलायचे आहे असे स्पष्ट सांगावे. तसे सांगण्याचा आपल्याला पूर्ण अधिकार आहे. तपासणीत काही आढळल्यास आपल्याला कळवावे का, असेही अर्जात विचारतात. तिथे होकार द्यावा आणि चालू असलेला फोन नंबर लिहावा. रक्त देऊन घरी आल्यावर काही आठवले, किंवा दोन दिवसांत ताप आला, तर प्रमाणपत्रावर ज्या रक्तपेढीचे नाव असेल तिला लगेच फोन करून सांगावे, म्हणजे ती पिशवी वेळीच बाजूला ठेवता येते. एका पिशवीतून तांबड्या पेशी, प्लाझ्मा आणि प्लेटलेट असे घटक वेगळे करून ते निरनिराळ्या रुग्णांना देतात, त्यामुळे या फोनला उशीर करू नये.

खरी परीक्षा असते ती घरचेच माणूस रुग्णालयात असताना. "मामांचे ऑपरेशन आहे, दोन पिशव्या लागतील, कोण येणार?" असा निरोप कुटुंबाच्या ग्रुपवर आला की नाही म्हणणे जिवावर येते, आणि त्या भरात तरुण मुले टॅटू दडवतात, कावीळ विसरतात. घरातल्या वडीलधाऱ्यांनी अशा वेळी स्वतःच म्हणावे की ज्याला अडचण असेल त्याने कारण न सांगता मागे राहावे, आपण दुसरा दाता पाहू. हे एक वाक्य मोठ्यांच्या तोंडून आले की मुलांवरचे ओझे उतरते, असा माझा आमच्या घरातला अनुभव आहे.

ज्याला परत पाठवले जाते, त्याने दोन गोष्टी विचारून घ्याव्यात: थांबण्याचे कारण काय आणि पुन्हा कोणत्या तारखेनंतर यायचे. मी ती तारीख घरी येऊन दिनदर्शिकेच्या मागच्या कोऱ्या पानावर लिहिली आणि जानेवारीत नवी दिनदर्शिका लावताना पत्नीने ती आठवणीने तिच्यावर उतरवली. पुढच्या वर्षी ती तारीख उलटल्यावर मी त्याच सभागृहात गेलो. या वेळी भाचाही बरोबर आला होता. त्याने स्वतःच डॉक्टरांना आपल्या काविळीचा महिना सांगितला आणि तेव्हाचे तपासणीचे कागद दप्तरातून काढून टेबलावर ठेवले.