पोळ्यासाठी कवड्यांचा पट्टा: निवड, सफाई आणि ओवणी

पोळा जवळ आला की दोंडाईच्याला माझ्याकडे येणारं गिऱ्हाईक पहिलं हेच विचारतं, "खरी शे का रे भो?" विचारायलाच पाहिजे. प्लॅस्टिकची कवडी हल्ली दुरून ओळखू येत नाही. हातात घ्या: खरी गार लागते, जड लागते. मग उलटी करून फटीतले दात बघा. खऱ्या दोन कवड्यांचे दात कधी तंतोतंत जुळत नाहीत. साच्यातल्या सगळ्या जुळ्या बहिणी.

पट्ट्याला चालते ती पिवळसर, बसकी, कडेला उंचवटे असलेली, साधारण दोन-अडीच सेंटिमीटरची. शास्त्रात तिला मोनेटेरिया मोनेटा म्हणतात. मालदीवच्या समुद्रातून ही गलबतं भरभरून बंगालात यायची आणि तिथे एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीपर्यंत पैसा म्हणून चालायची. पाठीवर नारिंगी कडं असलेली तिची सख्खी जात वेगळी. तीही चांगली, पण एका पट्ट्यात दोन्ही मिसळू नका, ओळ बिघडते. पातळ ओठाची, दात न फुटलेली कवडी म्हणजे पोरवयातली गोगलगाय. ती घेऊच नका, बैलाने मान झटकली की फुटते.

आता सफाई. इथेच लोक माल घालवतात. कवडीची चकाकी कुणी पॉलिश करून आणलेली नसते. जिवंत असताना गोगलगाय अंगाची मऊ घडी बाहेर काढून शंख वरून झाकून घेते आणि त्यावर थरावर थर चढवते. म्हणून तर बाकीच्या शंखांसारखी ती खरबरीत नसते. जनावर गेलं की नवा थर नाही. लिंबू, चिंच, व्हिनेगर लावलं तर चुना विरघळतो, बुडबुडे येतात आणि कवडी कायमची पांढुरकी पडते. रिठ्याचं कोमट पाणी, जुना मऊ ब्रश, मग सावलीत वाळवण. उन्हात ठेवली तर रंग उडतो.

ओवायला पाठ घासावी लागते. पाटा ओला ठेवा, कवडी पाठीवर दाबून गोल गोल फिरवा. कोरडं घासू नका, ती पांढरी भुकटी छातीत जाते. भोक पडलं की थांबा. फार घासलं तर नुसती चकती उरते.

पट्ट्याला चामडं किंवा सुती नवार. बैलाच्या मानेचं माप सुतळीने घ्या, चार बोटं ढिलं सोडा. दाभणाने नवारीत भोक पाडून मेण लावलेला दोरा पाठीच्या भोकातून आत घाला, फटीतून वर काढा, दातांवरून वळवून पुन्हा नवारीत. दात बाहेरच्या बाजूला दिसले पाहिजेत. आणि प्रत्येक कवडीला वेगळी गाठ! एका दोऱ्यात ओवलेला पट्टा स्वस्त पडतो खरा, पण मिरवणुकीत तुटला तर सगळ्या कवड्या चिखलात. माझ्याकडे तसला मिळणार नाही.

शिंगांचा रंग दातांत शिरलाच तर ओला असतानाच काडीला चिंधी गुंडाळून पुसा.