जुन्या विटांच्या दर्जा भरायच्या असतील तर

आमचं चेंदणीचं घर आजोबांच्या वेळचं, वीट आणि चुन्यातलं. सहा वर्षांपूर्वी एका ठेकेदाराने त्याच्या दर्जा, म्हणजे विटांमधल्या सांध्यांच्या फटी, सिमेंटने भरल्या. दोन पावसाळे गेले आणि सिमेंटच्या रेघा तशाच उभ्या, मधल्या विटांची तोंडं मात्र झडलेली! बोट लावलं की लाल भुकटी हाताला. भिंतीतली ओल चुन्याच्या दर्जेतून सहज बाहेर पडते. सिमेंटने ती वाट बंद केली की ओल विटेतून निघते, विटेला लोणा लागतो, म्हणजे क्षार साचून ती झडते.

पुढे व्हर्जिनियात भाचीकडे गेले, तेव्हा ‘बेकन्स कॅसल’ मुद्दाम पाहिलं. आर्थर ॲलनने १६६५ साली बांधलेलं विटांचं घर. १६७६ साली नॅथॅनियल बेकनने तिथल्या गव्हर्नरविरुद्ध बंड केलं, त्यात त्याच्या माणसांनी ते बळकावलं, त्यावरून हे नाव. दोन्ही टोकांना तीन-तीन धुराडी, कोनात वळवलेली. माझी नजर मात्र दर्जांवरच. त्या भागात तेव्हा कालवांचे शिंपले भाजून चुना करत. साडेतीनशे वर्षं झाली, भिंत उभी आहे.

तर काम असं करा. आधी भिंत नीट बघा. बेकन्स कॅसलला एका थरात विटांच्या लांब बाजू, वरच्या थरात नुसती डोकी, म्हणजे आखूड बाजू, असा क्रम आहे. तुमच्या भिंतीचा जो क्रम असेल तो कुठे मोडलाय ते शोधा. तिथे खिडकी बुजवलेली असते किंवा मागे डागडुजी झालेली असते. मग दर्जेवर किल्ली ओढा. चुना असेल तर भुगा पडतो, सिमेंटवर नुसता चरा उमटतो.

दर्ज रुंदीच्या दुप्पट ते अडीचपट खोल उकरा, तीही छिन्नी-हातोडीनेच. ग्राइंडर अजिबात नको, विटांच्या कडा जातात. भुगा ब्रशने काढून भिंत भिजवा. एक भाग मुरवलेला चुना, तीन भाग चाळलेली रेती. खाडीची खारी रेती घेऊ नका. गवंडी म्हणेल, "ताई, मूठभर सिमेंट टाकू, लवकर धरेल." टाकू देऊ नका. माल थापीने दाबून, थराथराने भरा.

हे काम दिवाळीनंतर काढा. चुना सावकाश धरतो, त्यामुळे आठवडाभर भिंतीवर ओली गोणपाटं हवीत. आमच्याकडे ती भिजवायचं काम सकाळ-संध्याकाळ आईने केलं.