जुन्या ट्रॅक्टरचं वायरिंग तपासताना या चुका टाळा

जुना ट्रॅक्टर बघायला गेलेला माणूस टायरची गोटी बघतो, मीटरवरचे तास वाचतो, सायलेन्सरचा धूर न्याहाळतो, हायड्रॉलिक उचलून बघतो. वायरिंगकडे सहसा कोणी वळत नाही. जुनं डिझेल इंजिन एकदा सुरू झालं की त्याला विजेची गरजच उरत नाही. पंप यांत्रिक असतो, स्पार्क प्लग नसतोच. बॅटरी मेलेली, तिला चार्ज करणारा डायनामो बंद, तरी नांगरटी होऊन जाते. म्हणून मालकही या दुरुस्त्या वर्षानुवर्षं पुढे ढकलतो आणि शेवटी त्या घेणाऱ्याच्या पदरात पडतात. (२०२३ पासून ५० एचपीच्या वरचे नवे ट्रॅक्टर ट्रेम ४ या धुराच्या प्रदूषणाच्या नियमांत आले. त्यातल्या कॉमन रेल, म्हणजे डिझेलचा फवारा कॉम्प्युटरवर चालणाऱ्या इंजिनांची गोष्ट वेगळी. तिथे वीज गेली की इंजिनच बंद, आणि तपासायला स्कॅनर लागतो.)

गरम ट्रॅक्टरवर सौदा करणं

आपल्याकडे बरेच जण पेरणीच्या आधी, एप्रिल-मेमध्ये ट्रॅक्टरच्या शोधात निघतात. नागपूरच्या ४५ अंशांच्या उन्हात ऑइल पातळ झालेलं असतं, त्यामुळे अर्धमेल्या बॅटरीवरही सेल्फ इंजिन फिरवून दाखवतो. डिसेंबरातल्या पहाटे पारा १० च्या आसपास आला की तीच बॅटरी नुसती कटकट करते. म्हणून सकाळी लवकर जा आणि आदल्या दिवशीच सांगून ठेवा, "भाऊ, मी येईपर्यंत सुरू करू नका." पोचल्यावर सगळ्यात आधी इंजिनाला जपून हात लावून बघा. गरम लागलं, तर चहा घ्या आणि दुसऱ्या दिवशी परत या. उतारावर उभा करून ठेवलेला ट्रॅक्टर दिसला, तर तो ढकलून सुरू करत असतील, सेल्फची चौकशी जास्तच करा.

बॅटरी नवी दिसली म्हणून खूश होणं

चकचकीत बॅटरी शेजाऱ्याच्या ट्रॅक्टरमधूनही आलेली असू शकते. तिचं वॉरंटी कार्ड मागा, तिच्यावरची तारीख आणि नंबर जुळवा. रात्रभर उभ्या ट्रॅक्टरच्या बॅटरीवर मल्टीमीटर लावला तर १२.६ व्होल्टच्या आसपास दिसायला हवा. १२ च्या खाली असेल तर ती जवळजवळ उतरलेली आहे. पण खरी परीक्षा सेल्फ फिरताना होते. दुसऱ्याला चावी द्यायला सांगा आणि काटा बघा. ९.६ च्या खाली गेला तर बॅटरी तरी गेली आहे किंवा सेल्फ तरी प्रमाणाबाहेर करंट ओढतोय. झाकणं उघडत असतील तर हायड्रोमीटरने प्रत्येक घराची ग्रॅव्हिटी, म्हणजे अॅसिडची घनता घ्या. पाच घरं १.२५० आणि एकच १.१८० दाखवत असेल, तर चार्जिंग करून ती बॅटरी सुधारणार नाही.

चालू इंजिनवर टर्मिनल काढून डायनामो तपासणं

ही खोड गावोगावी आहे. इंजिन चालू ठेवायचं, बॅटरीची वायर ओढायची आणि लाइट जळत राहिले की म्हणायचं, "चार्जिंग ओके हाय." डिझेल इंजिन तसंही चालूच राहतं, त्यामुळे यातून फारसं काही सिद्ध होत नाही. उलट अल्टरनेटर (नव्या धाटणीचा डायनामो) असेल तर बॅटरीचा आधार सुटताच व्होल्टेज उसळतं आणि आतले डायोड किंवा रेग्युलेटर उडू शकतात. त्यात बॅटरीजवळ ठिणगी पडणं केव्हाही वाईट, कारण चार्ज होताना तिच्यातून पेट घेणारा हायड्रोजन निघतो.

सरळ पद्धत अशी. इंजिन मध्यम रेसवर ठेवा आणि बॅटरीवर मीटर लावा. १३.८ ते १४.५ व्होल्ट मिळाले तर चार्जिंग ठीक. हेडलाइट लावल्यावरही १३ च्या खाली यायला नको. १५ च्या वर जात असेल तर रेग्युलेटर बिघडलाय आणि बॅटरीतलं पाणी उकळून आटत असणार. मीटर नसेल तर डॅशबोर्डकडे बघा. चावी ऑन केल्यावर चार्जिंगचा लाल दिवा लागलाच पाहिजे आणि सुरू झाल्यावर विझला पाहिजे. दिवा लागतच नसेल, तर बल्ब उडालाय किंवा कोणीतरी मुद्दाम काढलाय. अनेक अल्टरनेटरना सुरुवातीचा करंट याच दिव्यातून मिळतो, म्हणजे चार आण्याच्या बल्बपायी अख्खं चार्जिंग बंद पडलेलं असू शकतं.

"पाना लावून सुरू होते" हे चालवून घेणं

सोलेनॉइडवर, म्हणजे सेल्फला करंट जोडणाऱ्या स्विचवर, पाना किंवा पेचकस टेकवून सेल्फ मारणारा विक्रेता दिसला की मागे व्हा. असं करणारा माणूस नेमका मोठ्या चाकाजवळ उभा असतो. ट्रॅक्टर गिअरमध्ये असेल तर तो त्याच्याच अंगावर जातो. अशाने माणसं मेलेली आहेत. चावीवर सेल्फ का लागत नाही, हे शोधा. चावीचा स्विच, सोलेनॉइड किंवा सेफ्टी स्विच, यांपैकी काहीतरी गेलेलं असतं.

क्लच दाबल्याशिवाय सेल्फ लागू न देणारा सेफ्टी स्विच ज्या मॉडेलला येतो, तिथे तो 'डायरेक्ट' केलेला, म्हणजे वगळून वायर जोडलेली, सर्रास सापडतो. तपासायचा तर मोकळ्या सपाट जागेत, सीटवर बसून, गिअर न्यूट्रल, पीटीओ (मागचं अवजार फिरवणारा दांडा) बंद, ब्रेक दाबून, आणि आजूबाजूला कोणी नसताना. क्लच न दाबता चावी फिरवा. सेल्फ फिरला तर स्विच जोडलेला नाही. फार जुन्या मॉडेलना तो कंपनीकडूनच नसतो, हेही लक्षात ठेवा.

वायरी वरवर बघणं

ट्रॅक्टर कुठे राबला हे विचारा. रामटेक-मौद्याकडच्या धानाच्या बांधीत चिखलणी केलेला असेल, तर खालच्या जोडांत पाणी शिरून तांबं हिरवं पडलेलं असतं. काटोल-नरखेडच्या संत्र्याच्या बागेत फवारणी केलेला असेल, तर मोरचूद-चुन्याच्या बोर्डो मिश्रणाचे डाग शोधा. मोरचूद लोखंडाला खातो. टेप गुंडाळलेली प्रत्येक गाठ संशयाची. फ्यूजच्या जागी तार घातली असेल, किंवा गाण्यांचा डेक आणि जास्तीचे लाइट थेट बॅटरीवरून ओढले असतील, तर अख्खं वायरिंग बदलावं लागेल असं धरूनच भाव करा. उंदरांनी कुरतडलेलं डॅशबोर्डच्या मागे दिसतं.

बॅटरीतून ट्रॅक्टरच्या सांगाड्याला जोडलेली अर्थिंगची पट्टी विसरू नका. सेल्फ हळू फिरतो, बॅटरी मात्र चांगली आहे, अशा वेळी ती पट्टी किंवा टर्मिनलचा सैल जोड बघा. दोन-तीनदा सेल्फ मारून जोडांना हलकेच हात लावा. जो तापलाय तो खराब.

हॉर्न, इंडिकेटर, ब्रेक लाइट, ट्रॉलीचं सॉकेट हे पाच मिनिटांत बघून होतं. हेडलाइट मात्र सावलीत बघा, दुपारच्या उन्हात तो नुसता लागलेला दिसतो, उजेड किती ते कळत नाही.

सापडलेलं सगळं कागदावर लिहा आणि बोलणी करण्याआधी जवळच्या ऑटो इलेक्ट्रिशियनकडून खर्च विचारून घ्या. सौद्याच्या कागदावर बॅटरीचा नंबर टाका, नाहीतर ट्रॅक्टर घरी येईल तो दुसरीच बॅटरी घेऊन.