दूर असलेल्या मोठ्या मुलांना वडिलांनी समजुतीचं पत्र कसं लिहावं

मुलगा असो वा मुलगी, शिकायला किंवा नोकरीला लांब गेली की वडिलांचं बोलणं ‘जेवलीस का, पैसे आहेत का’ एवढ्यावर येऊन थांबतं. मनात मात्र बरंच साठलेलं असतं. फोनवर ते सुचत नाही आणि सुचलंच तर आवाज चढतो. अशा वेळी पत्र लिहावं. ई-मेलही चालेल, पण फॉरवर्ड केलेला सुविचार नको.

आधी विषय एकच ठरवा. पैसा, शब्द पाळणं, जोडीदाराशी वागणूक, यांतली आज ज्याची खरी काळजी वाटते तेवढीच गोष्ट घ्या. व्यसन किंवा जिवाचा धोका असेल, तर मात्र पत्र लिहीत बसू नका, थेट भेटायला जा.

सुरुवात कौतुकाने करा आणि ते नेमकं असू द्या. ‘तू गुणी आहेस’ यापेक्षा ‘मैत्रीण आजारी होती तेव्हा रात्रभर दवाखान्यात थांबलीस, मला फार बरं वाटलं’ हे लक्षात राहतं. बहुतेक वडिलांचं हे तोंडावर सांगायचं राहूनच गेलेलं असतं.

खरा वेळ मुख्य मजकुराला द्या. ‘आमच्या वेळी’, ‘अमक्याचा मुलगा बघ’ असं जिथे आलं असेल तिथे खोडा आणि स्वतःवर गुदरलेला प्रसंग लिहा. ‘उधळपट्टी करू नकोस’ऐवजी ‘माझी नोकरी सुटली तेव्हा थोडी शिल्लक होती, म्हणून कुणापुढे हात पसरावा लागला नाही. तुझीही तशी सोय असावी असं वाटतं.’ सल्ला तोच, पण आता त्यात आरोप उरत नाही.

निर्णय मुलांवर सोडा आणि तसं स्पष्ट लिहा. रोमचा सिसेरो केवढा मोठा वक्ता! इ.स.पू. ४४ मध्ये अथेन्सला शिकणाऱ्या मार्कस या आपल्या मुलासाठी त्याने कर्तव्याविषयी तीन भागांचं पुस्तक लिहिलं, आणि आरंभीच सांगितलं की विषयाबाबत तू तुझ्याच बुद्धीने ठरव, माझी आडकाठी नाही.

पत्र रात्रभर ठेवून सकाळी पुन्हा वाचा. रागाने लिहिलेली वाक्यं तेव्हा लगेच खुपतात. पैसे पाठवायचे असतील तर वेगळ्या दिवशी पाठवा, नाहीतर त्यांना अट घातल्यासारखी वाटते. आणि आईकरवी ‘वाचलं का’ म्हणून विचारू नका.

उत्तर दोनच ओळींचं आलं, त्यात तुमच्या विषयाचा उल्लेखही नसला, तरी जे लिहिलंय त्यालाच आधी मनापासून उत्तर द्या. मूळ विषय मुलांनी काढेपर्यंत थांबा.